उत्तर दे

माझ्या ऑफिसच्या टेबलाच्या खणात फरचे हातमोजे असतात. बहारीनमध्ये. इथं जुलैत गाडीच्या स्टिअरिंगवर आधी ओला टॉवेल टाकावा लागतो, मग हात लावता येतो, आणि माझ्या खणात कोपरापर्यंत येणारे, वर लाल-निळ्या मण्यांची फुलं काढलेले जाडजूड हातमोजे. कामावर नवीन कुणी आलं की जुने लोक त्याला मुद्दाम स्टेपलर आणायला म्हणून माझ्या खणाकडे पाठवतात. तो बिचारा हातमोजे बघतो, मग माझ्याकडे बघतो. मी म्हणते, बस, आधी चहा सांग, गोष्ट लांबलचक आहे.

मी एअरपोर्टच्या कार्गोत लोड कंट्रोलला आहे. विमानात कुठला माल कुठं बसवायचा हे ठरवणारी बाई, एवढं समजलं तरी पुरे. पुढं जास्त भरलं की नाक जड, मागं जास्त भरलं की शेपूट जड, आणि दोन्हीत विमानाची पंचाईत. संसार केलेल्या बाईला हा तोल वेगळा शिकवावा लागत नाही. मी मूळची साताऱ्याची, त्यामुळं आवाज पहिल्यापासून खणखणीत. शेडमधले फोर्कलिफ्टवाले म्हणतात, मॅडमना वॉकीटॉकी कशाला दिलाय, बॅटरी फुकट जाते. म्हणेनात का. माझ्या विमानातलं एक खोकं कधी जागचं हललेलं नाही.

आमची मुलगी इथलीच. इथल्या झिंज भागातल्या फ्लॅटमध्ये रांगली, तिथंच मोठी झाली. मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत सांगायचं, ही आमच्या घरची रीत. इथल्या आपल्या बहुतेक घरांत तीच आहे. पोरांना कळतं सगळं, तोंडातून मात्र निघत नाही. नवऱ्याला त्याचं काही वाटायचं नाही. मला फार राग यायचा. आपण पोटच्या पोरीशी बोलतोय की बँकेच्या कस्टमर सर्व्हिसशी, असं वाटायचं. म्हणून ती सात वर्षांची झाल्यावर तिला इथल्या मराठी मंडळाच्या शनिवारच्या वर्गात घातलं.

तिथं एके दिवशी दिशा शिकवल्या. बाईंनी घराचा नकाशा काढून आणायला सांगितला, कुठली भिंत पूर्वेला, कुठली पश्चिमेला. त्याच संध्याकाळी मी कपाट उघडलं तर बेसनाच्या लाडवांचा डबा तळापर्यंत साफ. घरात तिघंच, आणि नवऱ्याला गोड चालत नाही. मी तिला समोर उभं केलं आणि विचारलं, लाडू कुणी खाल्ले? ती गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. मग माझा सातारी आवाज लागला.

"उत्तर दे!"

पोरीनं जरा विचार केला आणि हात लांब करून स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

मला वाटलं, भिंतीनं खाल्ले म्हणतेय. मग नवऱ्याची ट्यूब पेटली. वर्गात तिला शिकवलं होतं, उत्तर म्हणजे नॉर्थ. आई ओरडून परीक्षा घेतेय असं तिला वाटलं. आणि चुकली म्हणावं तर तेही नाही, कारण आमचं स्वयंपाकघर खरंच उत्तरेला आहे. नवरा हसता हसता सोफ्यावरून खाली आला. मीही किती वेळ डोळे वटारून बसणार? तेव्हापासून आमच्या घरात ज्याला उत्तर द्यायचं नसेल तो गुपचूप स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बोट दाखवतो. नळ कधी दुरुस्त होणार, असं नवऱ्याला विचारलं की बोट भिंतीकडे. गणिताचा पेपर कसा गेला, बोट भिंतीकडे. त्या दोन शब्दांचा आम्ही आमच्यापुरता पार निकाल लावून टाकला.

त्याच सुमारास आमच्याकडे एक कॅनेडियन म्हातारा ट्रेनर म्हणून आला. सगळे त्याला कॅप्टन म्हणायचे. तरुणपणी तो कॅनडाच्या पार उत्तरेला मालाची विमानं चालवत होता. तिकडं बऱ्याच गावांना रस्ता नाही, रेल्वे नाही, आणि समुद्र वर्षातले बहुतेक महिने गोठलेला. आम्हाला तोल शिकवायला आला आणि निम्मा वेळ गोष्टी सांगत बसला. कामाच्या वेळात गोष्टी सांगणाऱ्या माणसांचा मला मनस्वी कंटाळा. पण याच्या गोष्टी मी लोडशीट बाजूला ठेवून ऐकायला लागले, यातच काय ते समजा.

मुलीची शाळेची बस तिला दुपारी आमच्या ऑफिसच्या फाटकाशी सोडायची. माझी शिफ्ट संपेपर्यंत ती माझ्या टेबलाशी गृहपाठ करत बसायची. कॅप्टनला हक्काचा श्रोता मिळाला.

तो सांगायचा, आधी तिकडं सगळं कुत्र्यांच्या गाडीनं जायचं, नाहीतर उन्हाळ्यात नदीतून होडीनं. टपाल पोचायला महिने लागायचे. मग शंभरेक वर्षांपूर्वी काही वेड्या माणसांनी विमानांना लाकडी स्की लावल्या आणि ती गोठलेल्या तळ्यांवर उतरवायला सुरुवात केली. पंख कापडाचे, पायलट उघड्यावर. संध्याकाळी उतरलं की पहिलं काम म्हणजे इंजिनातलं तेल गरम आहे तोवर डब्यात काढून घ्यायचं आणि तो डबा झोपडीत शेगडीपाशी ठेवायचा, नाहीतर सकाळपर्यंत तेलाचा दगड. स्कीखाली झाडाच्या फांद्या सारायच्या, नाहीतर विमान बर्फाला चिकटलंच म्हणून समजा. सकाळी इंजिनावर तंबू पांघरायचा, आत स्टोव्ह पेटवायचा, आणि तंबूनं पेट घेऊ नये म्हणून राखण करत बसायचं. मग ते गरम तेल ओतायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. मी म्हटलं, हे विमान आहे की बाळंतीण? शेक, शेगडी, पांघरूण, सगळं तेच. कॅप्टनला हे इंग्रजीत समजावताना माझा घाम निघाला, पण समजल्यावर तो पोट धरधरून हसला.

उन्हाळा आला की स्की काढून तरंगणारे पाय लावायचे, की तेच विमान पाण्यावर. सगळ्यात वाईट मधले दिवस. बर्फ धड धरलेला नाही आणि धड वितळलेलाही नाही. तेवढे आठवडे गावं नुसती आभाळाकडे कान लावून बसायची. महायुद्धानंतर सैन्याला नको झालेली मोठी विमानं मिळाली, आणि तिकडं वाटेल ते उडायला लागलं. ट्रॅक्टर दारातून आत जाईना, तेव्हा गॅसनं कापून त्याचे तुकडे नेले आणि पलीकडे परत जोडले. होड्या विमानाच्या बाहेरच्या बाजूला दोरखंडानं बांधून नेल्या. मग खडीच्या धावपट्ट्या झाल्या आणि त्यांच्यावर जेट उतरायला लागली. चाकानं उडवलेली खडी पोटाला लागू नये म्हणून पुढच्या चाकाला ढाल, आत पुढं माल, मागं माणसं, आणि मधली भिंत पाहिजे तशी मागंपुढं सरकवायची. त्या सरकत्या भिंतीवर मी बेहद्द खूश झाले. अशी एक भिंत आमच्या फ्लॅटला असती तर पाहुण्यांची सोय झाली असती.

मुलीनं या सगळ्यावर एकच प्रश्न विचारला. त्यांची अंडी कोण आणतं?

कॅप्टन म्हणाला, विमान. अंडी, दूध, औषधं, डायपर, शाळेच्या वह्या, सगळं विमान. अंडी नीट पोचली तर पायलटचं नाव कुणाला ठाऊक नसतं, आणि फुटली तर अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मग त्यानं तिच्या डब्यातलं संत्रं घेतलं आणि त्यावर पेनानं एक ठिपका दिला. हे बहारीन. इथून नाकासमोर उत्तरेला जात राहायचं, देठापाशी ध्रुव, तो ओलांडून दुसऱ्या बाजूला उतरायचं. दुसरा ठिपका दिला. हे आमचं गाव. मग त्यानं तिला विचारलं, आता इथून बहारीनला परत यायचं तर कुठल्या दिशेला निघशील? मुलगी म्हणाली, साउथ. कॅप्टननं मान हलवली आणि तिचंच बोट धरून ते दुसऱ्या ठिपक्यापासून देठाकडे नेलं. परत येतानाही आधी उत्तरेलाच निघायचं. पोरगी त्या संत्र्याकडे बघत राहिली. घरी जाताना गाडीत तिनं सोलून खाल्लं, दोन्ही गावांसकट, आणि मला सांगितलं की कॅप्टनचं गाव आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीमागं आहे.

पुढं कॅप्टन मायदेशी परत गेला. मुलीच्या डोक्यातून मात्र गेला नाही. बारावीनंतर ओळखीतल्यांची पोरं इंजिनिअरिंगला नाहीतर अकाउंट्सला गेली, ही म्हणाली, विमान. नवरा अकाउंटंट माणूस. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि हो म्हणाला. ती कॅनडात शिकली, लायसन्स मिळालं, आणि थेट त्या दुसऱ्या ठिपक्याच्या आसपासच नोकरी धरली. मी मंडळात पेढे वाटले. नंतर कळलं की तिकडं नव्या पायलटला आधी वर्षभर जमिनीवरच ठेवतात. माल उचलायचा, जाळ्या बांधायच्या, पंखांवरचा बर्फ झाडायचा. मी फोनवर म्हटलं, पायलटचं लायसन्स घेऊन हमाली करतेस? ती म्हणाली, आई, मला शेडमध्ये सगळे विचारतात जाळी इतकी घट्ट बांधायला कुठं शिकलीस. मलाच लोणी लावून मोकळी झाली.

मग ती को-पायलट झाली. दोन पंख्यांचं विमान, अर्ध्यात खोकी, अर्ध्यात माणसं. आम्ही दर रविवारी सकाळी, आमचा पहिला चहा आणि तिचं रात्रीचं जेवण गाठून, व्हिडिओ कॉल करायचो. मी विचारायचे, बरी आहेस ना? ती म्हणायची, आय एम फाइन, आई. थंडी किती आहे? इट्स फाइन. जेवण? फाइन. एकटं वाटत नाही ना? नो, आय एम फाइन. आता इंग्रजीत सगळे नेहमीच फाइन असतात. ऑफिसात ज्याचा व्हिसा संपत आलेला असतो तोही फाइन असतो. त्यातून मला काय कळणार? दिवसाचे चार तास उजेड, बाहेर गेलं की पापण्यांवर बर्फ, आणि माझी पोर फाइन. माझा जीव तीळतीळ तुटायचा. नवरा म्हणायचा, ती सांगतेय तर विश्वास ठेव. मी म्हणायचे, विश्वास ठेवायला आधी काहीतरी सांगायला तर हवं.

तेवढ्यात इथल्याच एका मालवाहू कंपनीत को-पायलट घ्यायचे आहेत, असं आमच्या शेडमध्ये कानावर आलं. मोठी विमानं, मुक्काम बहारीनला. मी खोटं कशाला बोलू, मला ती परत हवी होती. झिंजच्या त्याच खोलीत, मी तळलेली पुरी तिच्या ताटात पडेल इतक्या अंतरावर. मी तिला सगळी माहिती पाठवली. ती म्हणाली, विचार करते. म्हणजे, आय विल थिंक अबाउट इट. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारी मी विषय काढला तर स्क्रीनवर तिनं हात वर करून कुठल्याशा भिंतीकडे बोट दाखवलं. नवरा खो खो हसला. मला मात्र त्या दिवशी हसू आलं नाही. अर्ज घेण्याची मुदत दिवाळीनंतर लगेच संपणार होती. ती येणार की तिकडंच राहणार, याच्यावर माझं सगळं अडकलं होतं.

दिवाळी आली तशी मी फराळ पाठवायचं ठरवलं. शेजारी रत्नागिरीची बाई राहते, तिच्या नवऱ्याचं इथल्या हूरा भागात कपड्याचं दुकान आहे. ती मला वैनी म्हणते, ईदला शीरखुर्मा पाठवते आणि दिवाळीत आमच्याकडे करंज्या मुरडायला येऊन बसते. तिच्या करंजीची मुरड माझ्यापेक्षा चांगली पडते, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. आम्ही दोघींनी मिळून दोन दिवस तळण केलं. चकल्या, शंकरपाळी, बेसनाचे लाडू, करंज्या. मग प्रश्न आला, चकली इतक्या लांब मोडल्याशिवाय जाणार कशी? बहारीनहून युरोप, तिथून कॅनडा, तिथून उत्तर, प्रत्येक ठिकाणी फेकाफेक. मी डब्यांत कागद कोंबायला घेतला, तर शेजारीण म्हणाली, कागद कशाला, चुरमुरे भरा. मी कपाळावर हात मारला. इतकी वर्षं विमानं भरते, हे मला सुचू नये? चकल्यांच्या मधल्या प्रत्येक फटीत चुरमुरे ओतले, डबा हलवून बघितला, आतून आवाज नाही. शिवाय पोचल्यावर त्याच चुरमुऱ्यांचा चिवडा होतो. जड डबे मधे, हलके कडेला, लोड कंट्रोलच्या बाईला शोभेल असं खोकं भरलं.

झाकण लावताना मला राहवेना. मार्कर घेतला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं, उत्तर दे. म्हणजे बाई, नोकरीचं काय ते एकदाचं सांग. नवऱ्यानं वाचलं आणि म्हणाला, दिवाळीत तरी तगादा लावू नकोस. मी टेपनं खोकं बंद करून टाकलं.

खोकं निघालं आणि तिकडं नेमके ते मधले दिवस सुरू झाले, कॅप्टन सांगायचा तेच. नदी गोठायला लागलेली, त्यामुळं फेरीबोट बंद, आणि वरून ट्रक जाण्याइतका बर्फ अजून धरलेला नाही. शंभर वर्षांत विमानं बदलली, नदी तीच. त्यात गोठवणारं धुकं पसरलं आणि विमानंही खाली बसली. पाडव्याला फोन केला तर मुलगी म्हणाली, गावातल्या दुकानांत शेल्फं रिकामी, दूध मफी, अंडी मफी, ब्रेड खलास. मफी म्हणजे नाही. बहारीनचे शब्द ती तिकडं जाऊनही विसरली नव्हती. माझं खोकं कुठं आहे, विचारलं तर म्हणाली, कुठंतरी दक्षिणेला, गोदामात. मी म्हटलं, इंशाल्ला, पोचेल. पण मनात म्हटलं, गेलं माझं खोकं.

भाऊबीज होऊन गेल्यावर एका सकाळी फोन वाजला, तर तिचा व्हिडिओ आलेला. मी चहा ठेवून बघायला लागले. एका गावातला मोठा हॉल. पाचपन्नास माणसं, फुगीर जाकिटातली पोरं, खुर्च्यांवर बसलेले म्हातारे. आणि मधल्या टेबलावर माझे डबे. माझे, झाकणं काढलेले. एक मुलगा दहाही बोटांत चकल्या घालून नाचत होता. दोन मुली मूठ मूठ चुरमुरे एकमेकींच्या तोंडात टाकत होत्या. एक आजीबाई शंकरपाळी चहात बुडवून खात होत्या आणि शेजारणीला काहीतरी सांगत होत्या. ही म्हणजे त्यांच्या तिकडच्या तळलेल्या भाकरीची धाकटी बहीण, असं त्या म्हणाल्या, हे मुलीनं मला नंतर सांगितलं. माझ्या डोळ्यांसमोर दोन दिवसांचं तळण फस्त होत होतं. मी नवऱ्याला हाक मारली ती खालच्या मजल्यापर्यंत गेली. म्हटलं, बघ, बघ तुझ्या लेकीचे प्रताप, तिच्यासाठी केलेल्या फराळाचं गावजेवण घातलंय.

नवरा मान वाकवून बघत होता. म्हणाला, गप, ऐक.

व्हिडिओत आता लाडवांचा डबा फिरत होता, पोरं त्याच्यावर तुटून पडली होती, आणि त्या गलक्याच्या वरून एक खणखणीत आवाज आला. "ए, एकच घ्या हं. एकेकच. सगळ्यांना पुरले पाहिजेत."

मराठीत. तिकडं ध्रुवापाशी, ज्या पोरांना मराठीचा म ठाऊक नाही त्यांच्यावर, माझी पोरगी मराठीत ओरडत होती. आणि आवाज माझा. अगदी तोच, वॉकीटॉकी न लागणारा. पोरं गप रांगेत उभी राहिली. मी व्हिडिओ मागं नेऊन तो एवढाच तुकडा किती वेळा ऐकला ते विचारू नका. चहा उतू गेला.

त्या शंकरपाळीवाल्या आजींनी पुढं माझ्यासाठी ते हातमोजे पाठवले, स्वतः शिवलेले. इतकं तळणाऱ्या बाईच्या हातांना पोळत असेल, असं त्या म्हणाल्या म्हणे. बहारीनची हवा त्यांना कुणी सांगितली नव्हती. आमच्या शेडमध्ये मासे आणि फुलं ठेवायची थंड खोली आहे, तिथं मोजणीला जाताना मी ते घालते.

रविवारी कॉल लागला. मी ठरवलं होतं की आधी भरपूर रागवायचं. विचारलं, सगळं वाटून टाकलंस, स्वतःला काही ठेवलंस का? ती इंग्रजीत सांगायला लागली की धुकं उठल्यावर त्या गावाला गेलेलं पहिलं विमान तिचंच होतं, खोकंही निघताना त्याच सकाळी तिच्या हातात पडलं, गावात कितीतरी दिवस पोरांना चघळायलाही काही नव्हतं. आणि शेवटी म्हणाली, पण आई, तूच तर लिहिलं होतंस झाकणावर. उत्तर दे. गिव्ह टु द नॉर्थ. तुझा तो 'ला' राहून गेला असेल असं मला वाटलं.

नवऱ्यानं तोंडावर हात धरला. मी म्हटलं, अगं बाई, उत्तर दे म्हणजे उत्तर दे. रिप्लाय. नोकरीचं.

मला वाटलं, आता पुन्हा बोट भिंतीकडे जाणार. पण तिनं जेवणाची ताटली बाजूला ठेवली, जाकिटाच्या बाहीनं नाक पुसलं, आणि मराठीत बोलायला लागली. अडखळत, शब्द शोधत, वर्गात धडा वाचल्यासारखी.

"आई, मला इथं आवडतं. विमान येतं तेव्हा सगळे बाहेर येतात. मुलं हात करतात. मी अंडी आणते. एक पण फुटत नाही. मी खूश आहे, आई. मला इथं राहायचं आहे." आणि वर म्हणाली, "आता तू उत्तर दे."

तिच्या इंग्रजीवर माझा कधी विश्वास बसला नसता. पण तिच्या मराठीत खोटं बोलण्याइतके शब्दच नाहीत. तिच्याकडे होते ते सगळे शब्द तिनं काढून माझ्यापुढं ठेवले होते, आणि त्यात कुठं फाइन नव्हतं, खूश होतं. मला इतका आनंद झाला आणि इतकं वाईट वाटलं, की दोन्हीचा तोल कसा सांभाळायचा ते कळेना. बोलायला गेले तर आवाज फुटेना. आयुष्यात पहिल्यांदा. नवरा माझ्याकडे बघत राहिला.

मग मी हात वर केला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बोट दाखवलं. इतकी वर्षं ते बोट काही सांगायचं नसलं की वर व्हायचं. या वेळी मला सांगायचं होतं. राहा, बाई. तिकडंच राहा.

तिला कळलं. ती रडत हसली, आणि तिनंही हात वर करून तिच्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. नवऱ्यानं विचारलं, आता हे काय? मी डोळे पुसत त्याला कॅप्टनच्या संत्र्याची गोष्ट सांगितली. तिकडूनही आम्ही उत्तरेलाच.